जुन्या मोटारीस मोठें इंजिन



मोटार चालविण्याचा परवाना माझ्याजवळ नाहीं, आणि आतां या वयांत तो काढण्याची हौसहि उरलेली नाहीं. मुलांना अंकगणित आणि त्याबरोबर थोडेंबहुत पदार्थविज्ञान शिकविण्यांत माझी सारी नोकरी गेली. असें असतां आज मी आपणांशीं जुन्या मोटारींत मोठें इंजिन बसविण्याविषयीं बोलणार, याचें आपणांस नवल वाटेल. त्याचें कारण असें कीं, दोन वर्षांमागें अमेरिकेंत पेनसिल्व्हेनिया राज्यांत माझ्या भाच्याकडे चार महिने राहण्याचा योग आला, आणि त्याच चार महिन्यांत त्याच्या घराशेजारच्या गॅरेजांत हा खटाटोप चालला होता. माझ्याकडे काम काय, तर स्टुलावर बसून बोल्ट मोजणें, ते डब्यांत ठेवणें आणि डब्यांवर चिठ्ठ्या लावणें. परंतु बसल्या बसल्या मीं जें पाहिलें व विचारून घेतलें, त्यावरून एक गोष्ट मला स्पष्ट समजली. ती अशी कीं, इंजिन ही मोटारींतली एक सुटी वस्तु नव्हे. तें बदललें म्हणजे त्याच्या मागची एकेक वस्तु आपला हिशेब पुढें करूं लागते, आणि जो हिशेब आपणांस सर्वांत शेवटीं आठवतो, तोच बहुधा सर्वांत आधीं चुकता करावयाचा असतो.

प्रथम ही गाडी कोणती तें सांगतों. पुढें दोन-तीन माणसांपुरती बंद बैठक आणि मागें उघडा हौदा अशा लहान मालमोटारीला तिकडे ‘पिकअप’ म्हणतात. शेतकरी, सुतार, दुकानदार अशा कष्टकरी लोकांची ती गाडी. दुसरें महायुद्ध संपल्यावर शेव्हरोले कंपनीनें १९४७ च्या जून महिन्यांत या जातीच्या गाड्यांची एक नवी मालिका बाजारांत आणली, आणि ती १९५५ पर्यंत चालली. त्यांतल्या अर्ध्या टनाच्या गाडीचा क्रमांक ३१००. गुबगुबीत गोल खांदे, पुढें आडव्या पट्ट्यांची जाळी, आणि पुढच्या व मागच्या चाकांत ११६ इंचांचें अंतर, असें तिचें रूप. भाच्याची गाडी १९५१ सालची. आपल्याकडेहि हें नांव परकें नाहीं. जनरल मोटर्सनें १९२८ सालीं मुंबईंत शिवडी येथें मोटारी जोडण्याचा कारखाना काढला होता, आणि तो १९५४ पर्यंत चालू होता. माझे वडील ‘शेव्हरलेट’ असा उच्चार करीत, आणि त्या गाडीचा आवाज ऐकला म्हणजे पुढच्या वाड्यांतले लोकहि ओट्यावर येत, असें सांगत.

या गाडीच्या मूळच्या इंजिनांत एका रांगेंत सहा सिलिंडर असतात, आणि त्याचें माप २१६ घन इंच असें सांगतात. हें माप कसलें? सायकलच्या पंपांत जसा दट्ट्या खालीं-वर होतो, तसाच तो सिलिंडरांत होतो. या इंजिनांत सिलिंडराचा व्यास साडेतीन इंच आहे, आणि दट्ट्या वरून खालीं पावणेचार इंच जातो. वर्तुळाच्या क्षेत्रफळाला उंचीनें गुणिलें म्हणजे एका सिलिंडराचें घनफळ सुमारें ३६ घन इंच येतें, आणि सहांचें मिळून २१६. इतकी हवा व तींत मिसळलेली पेट्रोलची वाफ इंजिन आपल्या दर दोन फेऱ्यांत आंत ओढूं शकतें. शक्ति येते ती या मिश्रणाच्या ज्वलनांतून. म्हणून मोठें इंजिन म्हणजे मुख्यतः अधिक हवा मावणारें इंजिन. बाहेरून तें थोराड दिसलेंच पाहिजे असा नियम नाहीं.

मूळ इंजिनाची शक्ति सुमारें ९० अश्वशक्ति. आजच्या लहान घरगुती मोटारीची शक्तीहि साधारण एवढीच असते. मग भाच्याची तक्रार काय होती? ती समजण्यासाठीं एक लहानसें गणित करावें लागेल.

ही गाडी ओझें ओढण्यासाठीं केलेली. म्हणून तिच्या मागच्या आंसांत दांत्यांचें प्रमाण ४.११ ठेविलेलें आहे. म्हणजे इंजिनाकडून येणारा दांडा चार फेऱ्यांहून किंचित् अधिक फिरला कीं, चाकाची एक फेरी पुरी होते. चाकाचा व्यास २८ इंच धरा. परीघ झाला ८८ इंच. एका मैलांत ६३,३६० इंच, तेव्हां एका मैलांत चाक ७२० वेळां फिरणार. ताशीं ६० मैल म्हणजे मिनिटाला एक मैल. ७२० ला ४.११ नें गुणा. इंजिनाच्या मिनिटाला जवळ जवळ २,९६० फेऱ्या आल्या. आणि हें इंजिन आपली संपूर्ण शक्ति देतें तें ३,३०० फेऱ्यांना. याचा अर्थ, हमरस्त्यावर नुसतें चार गाड्यांच्या बरोबरीनें जावयाचें म्हटलें तरी या इंजिनाला दम लागेपर्यंत धांवावें लागतें.

दुसरी अडचण तेलाची. या इंजिनाच्या मुख्य बेअरिंगांना पंपाच्या दाबानें तेल पोंचतें. पण दट्ट्यांना जोडलेल्या दांड्यांच्या बेअरिंगांना तें तसें पोंचत नाहीं. खालीं तेलाचीं लहान तबकें असतात, आणि प्रत्येक दांड्याच्या टोंकाला पळीसारखा एक तुकडा असतो. दांडा फिरतांना ती पळी तेलांत बुडते व तेल वर घेते. बेअरिंगहि मऊ मिश्रधातु ओतून केलेलें. बेताच्या गतीला ही व्यवस्था फार चांगली. तिच्यावर लाखों गाड्या चालल्या, आणि कित्येक आजहि चालतात. परंतु तासन् तास तीन हजार फेऱ्यांनीं धांवण्याची अपेक्षा तिच्यापासून कोणीच केली नव्हती. अमेरिकेंत राज्याराज्यांना जोडणाऱ्या मोठ्या रस्त्यांचा कायदा झाला तो १९५६ सालीं. ही गाडी त्याआधीं पांच वर्षें घडलेली. दोष कोणाचाच नाहीं. गाडी तीच राहिली आणि रस्ता बदलला.

भाच्याच्या मनांत अर्थातच मोठें इंजिन बसविण्याचें आलें. या बाबतींत तिकडे दोन रुळलेल्या वाटा आहेत.

पहिली वाट त्याच घराण्यांतल्या मोठ्या भावाची. शेव्हरोलेचेंच एका रांगेंतील सहा सिलिंडरांचें २३५ घन इंचांचें इंजिन १९४१ पासून मोठ्या मालमोटारींत होतें, आणि १९५४ सालीं कंपनीनें स्वतःच तें या अर्ध्या टनाच्या गाडींत बसविलें. व्यास वाढला एक सोळांश इंचानें, आणि दट्ट्याची चाल वाढली तीन सोळांश इंचानें. बोटाच्या नखाएवढा हा फरक. पण शक्ति झाली ११२ अश्वशक्ति. शिवाय १९५४ च्या इंजिनांत दांड्यांच्या बेअरिंगांनाहि दाबानें तेल पोंचविण्याची सोय आली आणि पळीचें काम संपलें.

दुसरी वाट अधिक मोहक. १९५५ सालीं याच कंपनीनें आठ सिलिंडरांचें, इंग्रजी ‘व्ही’ अक्षरासारखें दोन रांगांत मांडलेलें २६५ घन इंचांचें इंजिन काढलें. त्याच बांधणीचें ३५० घन इंचांचें इंजिन १९६७ च्या नव्या गाड्यांत आलें. तीं इंजिनें इतकीं निघालीं कीं, आजहि त्यांचे सुटे भाग सुईदोऱ्यासारखे कोठेंहि मिळतात. गंमत अशी कीं, आठ सिलिंडर असूनहि हें लोखंडी इंजिन जुन्या सहांच्या इंजिनाहून वजनानें जड नाहीं. तें लांबीला कमी व रुंदीला अधिक. चांगल्या स्थितींतलें असलें तर दोनशे अश्वशक्ति सहज देतें. भाच्यानें असें एक इंजिन हेरूनहि ठेविलें होतें. “मामा, किंमतींत फारसा फरक नाहीं. दुप्पट ताकद मिळत असतां अर्ध्यावर कां थांबावें?” असें तो मला म्हणाला. मलाहि तेव्हां तें पटलें.

तें पटूं नये असें झालें तें एका रविवारीं. भाचा, त्याची सहा वर्षांची मुलगी आणि मी असे तिघे त्या गाडींतून पंचवीस मैलांवरच्या तळ्यावर गेलों होतों. येतांना दोन-अडीच मैलांचा डोंगरी उतार लागतो. मुलगी मध्यें बसली होती. उतारावर भाचा पुन्हां पुन्हां ब्रेक दाबीत होता. पहिल्या वळणावर गाडी सहज मंदावली, दुसऱ्यावर जरा उशिरानें, आणि तिसऱ्यावर त्याचा पाय पार खालीं गेला तरी गाडी जावयाची तितकीच गेली. उताराच्या तळाशीं चौक आहे. तेथें लाल दिवा लागला, आणि आम्ही रेषेच्या पुढें गाडीच्या अर्ध्या लांबीइतके जाऊन थांबलों. त्या क्षणीं आडव्या रस्त्यावर कोणी नव्हतें, एवढेंच. मुलीला त्याचें कांहींच वाटलें नाहीं, तिनें विचारलें, “बाबा, आपण पुढें कां आलों?” भाच्यानें उत्तर दिलें नाहीं. त्याचे हात चक्रावर घट्ट होते.

रात्रीं जेवण झाल्यावर तो सवयीप्रमाणें आठ सिलिंडरांच्या इंजिनाचे कागद काढून बसला. मीं त्याच कागदाच्या पाठीवर एक उदाहरण घातलें. इयत्ता सातवीला घालावें इतकें तें सोंपें. धांवणाऱ्या वस्तूच्या अंगीं असलेली ऊर्जा गतीच्या वर्गाप्रमाणें वाढते. ताशीं ३० मैलांच्या गाडीला थांबवितांना ब्रेकांनीं जेवढी उष्णता सोसावयाची, तिच्या किती पट ६० मैलांच्या गाडीला थांबवितांना? दुप्पट नव्हे, चौपट. आणि ४० वरून गति ६० वर नेली तर सव्वादोन पट. मग विचारलें, “आज तुझे ब्रेक नव्वद अश्वशक्तीला पुरले नाहींत. दोनशे अश्वशक्ति त्यांच्या गळ्यांत बांधलीस, तर ते काय करतील?” तो बराच वेळ कागदाकडे पाहत राहिला.

येथें ब्रेकांविषयीं थोडें सविस्तर बोललें पाहिजे. या गाडीला चारहि चाकांवर ड्रमचे ब्रेक असतात. चाकाबरोबर फिरणाऱ्या लोखंडी टोपल्यासारख्या ड्रमच्या आंतून दोन अर्धगोल पट्टे बाहेरच्या बाजूस दाबले जातात, आणि घर्षणानें चाक थांबतें. धांवण्यांतली सारी ऊर्जा तेथें उष्णता होऊन बसते. ड्रम बंद असल्यामुळें ती लवकर बाहेर पडत नाहीं. ड्रम तापून फुगतो, म्हणून पट्ट्यांना त्याच्यापर्यंत पोंचण्यास पाय अधिक खालीं न्यावा लागतो. आणि तापलेल्या पट्ट्यांची पकडहि कमी होते. रविवारीं आम्हीं अनुभवलें तें हेंच. त्यांत बिघाड कांहीं नव्हता. दोन घटका गाडी उभी राहिली आणि ब्रेक पूर्ववत् झाले. आजच्या मोटारींच्या पुढच्या चाकांना तबकडीचे ब्रेक असतात. तबकडी उघडी असते, वारा तिच्यावरून जातो आणि ती लवकर निवते. दुसरी गोष्ट अशी कीं, या जुन्या गाडींत ब्रेकांच्या तेलाचा मार्ग एकच. एका चाकाकडची नळी फुटली कीं चारहि चाकांचा दाब जातो. अमेरिकेंत १९६८ पासून नव्या मोटारींना दोन स्वतंत्र मार्ग ठेवण्याची सक्ति झाली, ती याच कारणास्तव.

दुसऱ्या दिवशीं शेजारचे एक वृद्ध गृहस्थ आले. त्यांचें सारें आयुष्य मालमोटारी दुरुस्त करण्यांत गेलेलें. त्यांना आपण मिस्त्रीच म्हणूं. त्यांनीं आठ सिलिंडरांच्या इंजिनाला नांवें ठेविलीं नाहींत. तसें काम त्यांनीं स्वतः अनेकदां केलें होतें. त्यांनीं फक्त गाडीच्या भोंवतीं एक फेरी मारली आणि पुढून मागें एकेक गोष्ट दाखवीत गेले. ती फेरी मला अजून आठवते. कारण एखादें गणित पायरी पायरीनें सोडवावें तशी ती होती.

पुढें रेडिएटर. पेट्रोल जाळून मिळालेल्या उष्णतेपैकीं ढोबळ मानानें पाव हिस्साच चाकें फिरविण्याच्या कामीं येतो. बाकीची कांहीं धुराबरोबर जाते, व बरीचशी पाण्याला घ्यावी लागते. अधिक पेट्रोल जाळणारें इंजिन घातलें म्हणजे पाणी निवविणारा रेडिएटरहि मोठा पाहिजे. नंतर इंजिनाची जागा. जुनें इंजिन लांब पण अरुंद. म्हणून सांगाड्यावरचे त्याचे आधार रुंद इंजिनाला उपयोगी नाहींत, ते नवे जोडावे लागतील. शिवाय रुंद इंजिनाची डावीकडची धुराची नळी सुकाणूच्या पेटीला भिडते. मग नळी निराळ्या आकाराची घ्या, किंवा सुकाणूची पेटी बदला. नंतर वीज. १९५१ ची गाडी सहा व्होल्टची, नंतरचें इंजिन बारा व्होल्टचें. दिवे, डायनामो, बॅटरी, कांटे, सर्व पुन्हां पाहणें आलें.

यापुढची पायरी मला फार आवडली. या गाडींत गिअरबॉक्सपासून मागच्या आंसाकडे जाणारा दांडा एका जाड नळींत बंद केलेला आहे. चाकें रस्त्याला मागें रेटतात, तेव्हां गाडीला पुढें ढकलणारा जोर याच नळींतून गिअरबॉक्सच्या पाठीवर येतो. आपण बसतों ती गाडी या नळीनें ढकलली जाते, हें मला ठाऊकच नव्हतें! आतां मोठ्या इंजिनासाठीं नव्या पद्धतीचा गिअरबॉक्स घेतला, तर हा जोर झेलणारी जागाच नाहींशी होते. म्हणून नळी काढावी लागते. नळी काढली कीं मागचा आंसहि बदलावा लागतो, आणि ढकलण्याचें काम मागच्या पाट्यांवर येतें. मग पाट्यांचे आधार तपासा. असें करतां करतां मिस्त्री गाडीच्या मागच्या टोंकाशीं पोंचले आणि म्हणाले, “हें सर्व नीट केलें तर गाडी उत्तम होते. पण मग ती १९५१ ची गाडी राहत नाहीं. १९५१ च्या कपड्यांतली दुसरी गाडी होते. हवी असेल तर करूं. मात्र यांतलें अर्धें करावयाचें असेल, तर मी हात लावणार नाहीं.”

या अखेरच्या वाक्यांत सर्व विषयाचें सार आहे. मोठें इंजिन घालणें चूक नाहीं. अर्धें काम करणें चूक. पैसे बहुधा इंजिनापाशींच संपतात, आणि ब्रेक पुढच्या वर्षीं बघूं असें म्हणून गाडी रस्त्यावर येते. इंजिन किती बळकट आहे हें पहिल्या दिवशीं कळतें. ब्रेक किती दुबळे आहेत हें कळण्यास एखाद्या रविवारचा उतार लागतो.

भाच्यानें चार दिवस विचार केला आणि पहिली वाट धरिली. काम सुरू झालें तें मात्र इंजिनापासून नव्हे. प्रथम पुढच्या चाकांना तबकडीचे ब्रेक बसविले, तेलाचे दोन स्वतंत्र मार्ग केले, मागचे ड्रम व पट्टे नवे घातले. बैठकीला कमरेचे पट्टे लाविले. मुलीच्या जागेचा पट्टा तर त्यानें स्वतः तीनदां ओढून पाहिला. या कामांत तीन आठवडे गेले, आणि तोंपर्यंत जुनेंच इंजिन जागेवर होतें.

मग २३५ घन इंचांचें इंजिन आलें. तें १९५८ सालच्या एका गाडींतून काढलेलें होतें. जुनें इंजिन उतरविण्याचा दिवस माझ्या वहींत लिहिलेला आहे. पाणी व तेल काढून टाकलें, बॅटरी सोडली, बॉनेट व रेडिएटर बाजूला केले, आणि प्रत्येक तारेला मीं चिठ्ठी बांधली. गिअरबॉक्सला खालून टेकू दिला. साखळीच्या कप्पीला लोंबकळून पाव टनाहून जड असें तें लोखंड जेव्हां वर उठलें, तेव्हां गाडीचें नाक पुढच्या पाट्यांवर चांगलें चार बोटें वर आलें.

एकाच घराण्यांतलीं इंजिनें असलीं तरी दोन ठिकाणीं त्यांचें जमेना. पहिलें ठिकाण फ्लायव्हीलचें. इंजिनाच्या पाठीमागें असलेल्या या जड चाकाला कडेनें दांते असतात, आणि सुरू करणाऱ्या मोटरचें लहान चाक त्यांत अडकून इंजिनाला पहिला फेरा देतें. खडूनें खूण करून ते दांते मोजण्याचें काम माझ्याकडे आलें. नव्या इंजिनावरच्या चाकाला १६८ दांते, जुन्याला १३९. नवें चाक बारा व्होल्टच्या मोटरसाठीं, जुनें सहाच्या. गाडी सहा व्होल्टचीच ठेवावयाची असल्यामुळें जुनें चाक काढून नव्या इंजिनाला लाविलें. दुसरें ठिकाण पाण्याच्या पंपाचें. नव्या इंजिनाचा पंप जरा उंचावर असल्यामुळें पंखा रेडिएटरच्या समोर नीट येईना. मध्यें एक धातूची पट्टी घालून जुन्या नमुन्याचाच पंप लाविला. अशा पट्ट्या तयार मिळतात. गिअरबॉक्स, बंद नळी आणि मागचा आंस जसेच्या तसे राहिले. फक्त आंसांतल्या दांत्यांचें प्रमाण ४.११ होतें तें ३.५५ केलें.

हें शेवटचें कां केलें, तें पुन्हां मघांच्याच गणितानें पाहूं. ७२० गुणिलें ३.५५ म्हणजे सुमारें २,५५०. ताशीं ६० मैलांना पूर्वीं २,९६० फेऱ्या लागत. आतां मिनिटाला चारशे फेऱ्या वांचल्या. लहान इंजिनाला हें प्रमाण झेपलें नसतें. दांते असे बदलले म्हणजे चढावर ओढ कमी पडते. मोठ्या इंजिनानें ती तूट बरीचशी भरून काढली. मोठ्या इंजिनाचा खरा उपयोग मला येथें कळला. तें अधिक जोरानें धांवण्यासाठीं घ्यावें असें नाहीं. तेंच काम कमी धापा टाकून करतां यावें, यासाठींहि तें घेतां येतें.

माझ्या परतीच्या आधींच्या रविवारीं आम्ही तिघे पुन्हां तळ्यावर गेलों. हमरस्त्यावर गाडी ताशीं ५५ मैलांनीं शांतपणें चालली. तेलाच्या दाबाचा कांटा जागचा हलला नाहीं. परततांना त्याच उतारावर भाच्यानें आधींच खालचा गिअर टाकला, तिन्ही वळणांवर ब्रेक दाबले आणि तिन्ही वेळां पाय जेथल्या तेथें राहिला. चौकांत दिवा हिरवा होता. तरी त्यानें गाडी मुद्दाम मंद केली.

आतां आपल्या घराकडे वळतों. आपणांपैकीं कोणाच्या घरीं वडिलार्जित जीप किंवा मोटार उभी असेल आणि तिच्यांत मोठें इंजिन घालण्याचें कोणाच्या मनांत असेल, तर आपल्या देशांत कायद्याची पायरी सर्वांत आधीं येते. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाप्रमाणें, नोंदणीपत्रांतील तपशील कारखानदारानें मूळ दिलेल्या तपशिलाहून निराळा होईल असा फेरफार मालकाला करतां येत नाहीं. सर्वोच्च न्यायालयानें २०१९ सालीं तेंच पुन्हां स्पष्ट केलें. इंजिनाचा क्रमांक नोंदणीपत्रांत असतो, तेव्हां तसेंच दुसरें इंजिन बसवावयाचें असलें तरी नोंदणी अधिकाऱ्याची परवानगी आधीं घेतली पाहिजे. शिवाय जुलै २०२१ मध्यें केंद्र सरकारनें पन्नास वर्षांहून जुन्या वाहनांसाठीं निराळ्या नोंदणीचे नियम केले. त्या मानाच्या नोंदणीसाठीं गाडी मूळ स्वरूपांत राखलेली असावी लागते. म्हणजे मोठ्या इंजिनाची किंमत केवळ रुपयांत मोजून भागत नाहीं. घरच्या जुन्या गाडीचा हा मानहि तींत जाऊं शकतो. अधिकाऱ्याला विचारल्याशिवाय पान्याला हात लावूं नये.

आणि परवानगी मिळाली, पैसाहि जमला, तरी प्रश्न क्रमानेंच विचारावे. गाडी थांबेल काय? वळेल काय? तिचें पाणी निवेल काय? मागचा आंस हा जोर सोसील काय? या चारांचीं उत्तरें होकारार्थी आलीं म्हणजे मग पांचवा प्रश्न : ती किती ओढील? बहुतेक लोक पांचव्यापासून सुरुवात करतात; भाच्यानेंहि तशीच केली होती, आणि मीहि त्याला मान डोलावली होती, हें मीं आपणांपासून लपविलें नाहीं.

जुनें इंजिन भाच्यानें विकलें नाहीं. तेल लावून, मेणकापडांत गुंडाळून, गॅरेजाच्या कोपऱ्यांत लांकडी चौकटीवर तें ठेविलें आहे. सांगाडा कोठें कापला नाहीं, आधार मोडले नाहींत; उद्यां कोणाला गाडी पूर्ववत् करावीशी वाटली, तर एका शनिवार-रविवारच्या कामानें ती होईल. माझे बोल्टांचे डबेहि तेथेंच आहेत, आणि त्यांवर माझ्या अक्षरांतल्या चिठ्ठ्या मराठींतच आहेत. भाचा म्हणतो, मुलीला त्या वाचतां याव्यात म्हणून तो हल्लीं तिला अक्षरें शिकवितो.